लाईट गेली की रेकॉर्डिंग लावा

बेळगावच्या शहापुरात माझं साऊंड सिस्टिम भाड्यानं द्यायचं दुकान आहे. लग्नं, बारशी, गणपती, आणि हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांतली साहित्य संमेलनं. हल्ली त्यात पॉडकास्टवाल्या पोरांची भर पडलीय. येतात, मोबाईलवर कुठल्यातरी स्टुडिओतल्या जाड काळ्या माईकचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "काका, असला माईक कुठं मिळंल?" मी उलट विचारतो, "बसणार कुठं? बोलणार कोण?" एवढं ठरलं की निम्मी खरेदी आपोआप रद्द होते. म्हणून आधी जागा, मग अंतर, माईक त्यानंतर.

जागा

इंटरनेटवरचे सल्ले देणाऱ्यांना आमच्याकडचे आवाज माहीत नसतात. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात यंत्रमाग. पुढच्या खोलीत माणसं राहतात, मागच्या खोलीत माग चालतो. टिळकवाडीत रेल्वे गेट. सांबऱ्याकडं विमानं. खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर पाऊस, आणि कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला तो एकदा लागला की पत्र्याच्या घरात शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. कौलाचं घर त्या मानानं बरं, आणि वर माळा असलेली मधली खोली असेल तर आणखी बरं. निव्वळ पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात तिथं जाऊच नका, दिवाळीनंतरची वेळ घ्या.

खोली निवडायला एक टाळी पुरते. मधोमध उभं राहून जोरात वाजवा. टाळी जागच्या जागी मेली तर खोली चांगली. मागोमाग 'टण्ण' अशी शेपटी ऐकू आली तर तीच शेपटी तुमच्या प्रत्येक शब्दाला लागणार, आणि नंतर ती कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट निघत नाही. नवीन सिमेंटचे हॉल, चकचकीत फरशी, काचेचं शोकेस, ही सगळी शेपटीवाली ठिकाणं. दुर्दैवानं पाहुण्याला बसवायला घरची माणसं नेमका तोच हॉल उघडतात. लाजू नका, आतली खोली मागा. कपाटं, गाद्या, टांगलेले कपडे असलेली अंधारी खोली हॉलपेक्षा कधीही सरस. खानापूरकडं शेतकऱ्याच्या घरी भाताची पोती रचलेली खोली मिळाली तर दुसरं काही बघायला नको. पोत्यांची थप्पी आवाज असा पिऊन टाकते की विकतचा फोम त्यापुढं काहीच नाही.

हॉलमध्येच बसावं लागलं तर एक वाकळ मागून घ्या आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागं टांगा. लोक ती माईकच्या मागं टांगतात, तिथं तिचा उपयोग कमी. माईकचं तोंड बोलणाऱ्याकडं असतं, म्हणजे त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाजच माईकमध्ये सरळ शिरतो. दुसरी वाकळ टेबलावर पसरा. टेबलाची फळीही आवाज परतवते, आणि कपबशी ठेवल्याचा दणका वाकळीवर जिरतो.

मग पंखा बंद. फ्रिज बंद, आणि फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय तुम्ही घराबाहेर पडूच शकत नाही. दुसऱ्याच्या घरचं दूध नासवून आलात तर पुढचा भाग कोण देणार?

आता मागाचं. मागाचा आवाज हवेतून येतो तसा जमिनीतूनही येतो. माईकचा स्टँड सरळ फरशीवर ठेवला तर प्रत्येक ठोका स्टँडमधून वर चढतो, म्हणून स्टँडखाली घोंगडं चौपदरी करून घाला. पण खरा उपाय वेळेचा. गल्लीतले माग कधी थांबतात ते आधी विचारून घ्या. आणि लाईट जाणार असेल तर सोन्याहून पिवळं. दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याची सूचना पेपरात येते. बाकीचे ती वाचून वैतागतात, मी वहीत लिहून ठेवतो.

वडगावात एका म्हाताऱ्या विणकरांशी हातमागाच्या दिवसांबद्दल बोलायचं होतं. त्यांच्या घरात, शेजारी, समोर, सगळीकडं यंत्रमाग. मी वीज बंद असायच्या दिवशी गेलो. सकाळी एकेक माग थांबत गेला आणि गल्लीत सायकलची घंटी ऐकू यायला लागली. काका म्हणाले, "आता बोला, आता मलाबी माझं ऐकू यायलंय." दीड तास बोलले. रेकॉर्डर पेन्सिल सेलवर चालला, त्यामुळं आमचं काही अडलं नाही.

यातला तांत्रिक मुद्दा असा की तुमचं सगळं सामान बॅटरीवर चालणारं असावं, वीज असली तरीसुद्धा. आपल्याकडं घरांत अर्थिंग धड नसतं. लॅपटॉपला चार्जर लावला की त्यातून ५० हर्ट्झची 'हुं' रेकॉर्डिंगमध्ये उतरते, आणि तिच्या पटीतल्या १०० आणि १५० हर्ट्झच्या बहिणीही सोबत येतात. चार्जर काढला की बहुतेक वेळा ती जागच्या जागी थांबते. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायला सांगा. स्वस्त इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब दोन्ही कण्हतात.

अंतर

तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलनं पडतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. मग लोक आवाजाचं बटण वर करतात आणि गोंगाटही सोबत वर येतो. पोरांना महागड्या माईकनंही 'विहिरीतून बोलल्यासारखं' का येतं, त्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच. माईक हातभर लांब ठेवलेला असतो, व्हिडिओत तोंड दिसावं म्हणून.

हातात धरायचा किंवा स्टँडवरचा माईक असेल तर ओठांपासून चार बोटं ते अर्धी वीत. कॉलर माईक असेल तर हनुवटीखाली एक वीत. दोन माणसं दोन माईकवर असतील तर दोन माईकांमधलं अंतर हे माईक-तोंड अंतराच्या निदान तिप्पट हवं, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरून दोघांचेही आवाज पोकळ होतात.

माईक ओठांच्या अगदी समोर नको. मराठीत प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत निघतो, आणि 'फ' किंवा 'भ' जरा जोरात आला की माईकच्या पडद्यावर धप्पकन आपटतो. "भाऊ, भाकरी, भात" एवढं बोलून बघा, धप्प आलं तर माईक तोंडाच्या कोपऱ्याकडं सरकवा आणि गालावरून बोलणं जाईल असा तिरका करा. वरून फोमची टोपी. स-श टोचत असतील तर माईक किंचित खाली घेऊन हनुवटीकडून वर रोखा.

माईक

फोटोतले चमकदार माईक बरेचदा कंडेन्सर असतात. ते फार बारीक ऐकतात. पहाटेच्या शांततेत, पोत्यांच्या खोलीत ते सुंदर वाजतात. वडगावातल्या घरात ते तीन घरं पलीकडचा मागही ऐकतात. शिवाय स्टुडिओतल्या बहुतेक कंडेन्सरना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माईकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागतो, म्हणजे सोबत ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी डबी) किंवा मिक्सर आला.

आपल्या भागासाठी माझं मत स्पष्ट आहे: डायनॅमिक माईक. कीर्तनात, भाषणात, ऑर्केस्ट्रात जो हातात दिसतो तोच. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि त्याची रचना फारशी बदललेली नाही. बोलण्यासाठी अहुजाचा साधा डायनॅमिकही चालतो, अट एकच, चार बोटांच्या अंतरावर बोलायचं. हे माईक समोरचं घेतात आणि पाठीमागचं बरंचसं सोडून देतात, म्हणून माईकची शेपटी खिडकीकडं किंवा मागाकडं करा. इंटरफेस घ्यायचा नसेल तर सॅमसनचा क्यू२यू हा डायनॅमिकच आहे, त्याला यूएसबी आणि एक्सएलआर (मिक्सरला लागणारं तीन पिनांचं) दोन्ही तोंडं आहेत. आज लॅपटॉपला लावा, उद्या मिक्सर आला की त्यालाच जोडा.

गावात, शेतावर, म्हाताऱ्या माणसांकडं जाताना मात्र मी कॉलर माईक नेतो. आज्जीच्या तोंडासमोर स्टँड उभा केला की ती भाषण द्यायला लागते. बोयाचा बीवाय-एम१ पुष्कळांकडं असतो. त्याची वायर ६ मीटर लांब असते आणि मधल्या डबीवर एक बटण असतं. फोनला लावताना ते 'ऑफ/स्मार्टफोन' कडं, कॅमेऱ्याला लावताना 'कॅमेरा' कडं. "माईक बंद पडलाय" म्हणून दुकानात आणलेल्या बऱ्याच बोयांचं दुखणं एवढंच असतं. डबीत एलआर४४ नावाचा चपटा सेल असतो, तो कॅमेऱ्यासाठी लागतो. दुसरी गोष्ट, फोनच्या पिनीवर तीन काळ्या रेघा असतात आणि कॅमेऱ्याच्या पिनीवर दोन. फोनला दोन रेघांची पिन लावली तर फोन स्वतःचाच माईक वापरत राहतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. शंका आली की कॉलर माईकवर बोटानं हलकं खाजवा. कानात खरखर आली नाही तर तो लागलेलाच नाही.

कॉलर माईकवाल्यांना बांगड्या, मंगळसूत्र आणि पदर यांचं भान हवं. माईक पदरावर टाचला तर प्रत्येक हालचालीला घासतो. ब्लाऊजच्या काठाला, मंगळसूत्र ज्या बाजूला सरकत नाही त्या बाजूला लावा, आणि लावायचं काम घरातल्या बाईला सांगा. स्वतः हात लावायला जाऊ नका.

मिक्सरवाल्यांसाठी एक युक्ती. लग्नाकार्यातल्या छोट्या यूएसबी मिक्सरमधून लॅपटॉपकडं फक्त डावा-उजवा असा स्टिरिओ जातो. पाहुण्याचं पॅन बटण पूर्ण डावीकडं आणि तुमचं पूर्ण उजवीकडं फिरवा. ऑडॅसिटी या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडून स्टिरिओचे दोन मोनो ट्रॅक करा, दोघांचे आवाज वेगवेगळे हातात येतात. तुम्ही खोकलात तर तेवढाच तुकडा गप्प करता येतो. आणि मिक्सरवरचं इको बटण शून्यावर आणा. आमच्या धंद्यात ते कायम अर्ध्यावर असतं, आणि पॉडकास्ट ऐकताना माणूस मंडपात असल्यासारखा वाटतो.

पातळी आणि फाइल

कान झाकणारे हेडफोन घाला आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत काढू नका. मीटरवर नेहमीचं बोलणं उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि जोराचं हसू उणे १२ ते उणे ६ पर्यंत जाऊ दे. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही. आमच्याकडची माणसं हळू सुरुवात करून अचानक खच्चून हसतात, म्हणून हसवून बघा आणि मगच पातळी ठरवा. झूमच्या एच१ इसेन्शियलसारखे ३२ बिट फ्लोटवाले, म्हणजे हळू आणि खच्चून दोन्ही आवाज न फाटता टिपणारे, रेकॉर्डर असतील तर ही काळजी बरीच कमी होते, त्यावर पातळीचं बटणच नाही.

वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण ५२० एमबी जातात, तेवढी जागा आधी मोकळी करा. फोनवर करत असाल तर फ्लाइट मोड लावा. फोन आला की काही ॲप रेकॉर्डिंग थांबवतात आणि पुन्हा सुरू करत नाहीत. आधी अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्ड करून, परत वाजवून, पूर्ण ऐका. मीटर हलतंय म्हणजे आवाज चांगला येतोय असं नसतं.

उठण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. संपादनात एखादं वाक्य कापलं की तिथं पडलेली भोकं याच शांततेनं बुजवायची असतात. सॉफ्टवेअरमधल्या ठार शून्य आवाजानं ती बुजवली तर कानाला खड्डा जाणवतो.

पाहुणा

तोंडातलं पान किंवा तंबाखू संपू दे. चहा आधीच होऊ दे. प्लास्टिकची खुर्ची आणि झोपाळा नको, दोन्ही कुरकुरतात. सतरंजी सगळ्यात बरी.

परवानगी रेकॉर्डिंग चालू करून तोंडीच घ्या: नाव, गाव, आणि "हे लोकांना ऐकवलं तर चालेल काय?" आमच्या भागात बोलणं फिरून फिरून सीमाप्रश्नावर येतंच. १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्या दिवशी, काय झालं, घरातलं कोण कुठल्या मोर्चात होतं, हे म्हातारी माणसं तपशिलानं सांगतात. ऐका, रेकॉर्ड करा, पण निघताना पुन्हा विचारा की यातलं काय बाहेर जाऊ दे. काहींची पोरं सरकारी नोकरीत असतात, काहींचे शेजारी-सोयरे कन्नड असतात आणि त्यांना दुखवायचं नसतं. "एवढं काढा" म्हणाले तर काढा, वाद घालू नका.

तुम्ही 'हं, हं' करू नका, नुसती मान हलवा. सवय जायला वेळ लागतो. पाहुणा बोलता बोलता कन्नडमध्ये गेला तर थांबवू नका. बाजार, शेताचे व्यवहार, कोर्टकचेरी यांच्या आठवणी इथल्या माणसाला बरेचदा कन्नडमध्येच आठवतात. त्याचं संपलं की, "म्हणजे त्यानं तुम्हाला बियाणं उधार दिलं म्हणता?" असा प्रश्न मराठीत टाका. तुमच्या प्रश्नातूनच ऐकणाऱ्याला अर्थ कळतो आणि वेगळं निवेदन जोडावं लागत नाही.

पाहुणा पुण्यात किंवा परदेशात असेल तर व्हॉट्सॲप कॉलचा आवाज रेकॉर्ड करण्याऐवजी दोघांनी आपापल्या जागी दुसऱ्या फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करावा, कॉल इयरफोनवर ऐकावा. सुरुवातीला "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी एकदम टाळी वाजवा, शेवटीही वाजवा. टाळीचा सुळका दोन्ही ट्रॅकवर दिसतो, तिथं जुळवायचं. कॉलच्या विलंबामुळं टाळी थोडी मागं-पुढं होते, तेवढं कानानं सरकवा. तासाभरात दोन फोन जरासे पुढं-मागं धावतात, म्हणून शेवटची टाळी.

संपादन

ऑडॅसिटी फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवर चालतं. क्रम असा ठेवतो. आधी हाय-पास फिल्टर, ८० हर्ट्झवर, म्हणजे स्टँडचे धक्के, लांबच्या ट्रकची घरघर आणि विजेची मूळ हुं जाते. मग नॉइज रिडक्शन: अर्धा मिनिट रेकॉर्ड केलेली रिकामी खोली निवडून तिचा नमुना द्या आणि ६ ते ९ डेसिबलच्या पुढं जाऊ नका. जास्त केलं की माणूस पाण्याखालून बोलतो. हे हत्यार एकसुरी आवाजासाठी आहे. मागाची खटखट, पावसाचे थेंब, कुत्र्याचं भुंकणं त्यानं जात नाही. रातकिडे तर स-श च्याच पट्टीजवळ किर्रकिर्र करतात, त्यांना काढायला गेलात की 'स'सुद्धा जातो. म्हणूनच जागेवर एवढं बोललो.

मग कंप्रेसर, म्हणजे मोठा आणि हळू आवाज यातला फरक कमी करणारं हत्यार, हलक्या हातानं. सगळ्यात शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन: उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) भरा आणि मोनो फाइल असेल तर मोनोला ड्युअल-मोनो समजण्याची खूण चालूच ठेवा. ॲपलनं पॉडकास्टसाठी सुचवलेली पातळी हीच आहे, शिखर उणे १ डेसिबलच्या खाली.

कापताना हात आखडता घ्या. खोकला, फोनची रिंग, दोनदा सांगितलेली तीच गोष्ट, एवढं पुरे. पाहुणा आठवायला थांबला तर तो थांबा ठेवा. त्यांची बोली सुधारायची म्हणून वाक्य पुन्हा बोलायला तर अजिबात लावू नका. बाई "मी शाळंला जात होतो" म्हणाली तर तसंच जाऊ दे, इथल्या ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही आणि बाहेरच्याला चार वाक्यांत सवय होते.

ऐकवायची फाइल एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस. तासाला २९ एमबीच्या आसपास बसते, खानापूरच्या रानात रेंज दोन काड्यांची असली तरी उतरते. एखाद्या होस्टिंगवर, म्हणजे पॉडकास्टच्या फाइल ठेवणाऱ्या सेवेवर, चढवली की तिथून फीड (तुमच्या भागांच्या यादीची लिंक) मिळते, ती स्पॉटिफाय आणि ॲपलला एकदाच द्यायची. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. वर्णनात 'बेळगाव' आणि 'बेळगावी' दोन्ही लिहा. २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात.

मूळ वेव्ह फाइल दोन ठिकाणी ठेवा, नावात तारीख, गाव आणि माणसाचं नाव घालून. एक प्रत पेन ड्राइव्हवर पाहुण्याच्या घरी द्या. पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागं लागतो, लिंक उघडायला नातवाची वाट बघावी लागत नाही. टीव्हीवर वेव्ह वाजली नाही तर सोबत एमपी३ असू दे.